चुकण्याची शिकवणी

आम्ही सहा जण होतो, सातवे सरकार.
वय वर्षं नऊ. जरीची टोपी मापापेक्षा मोठी,
कानांवर उतरायची.
मास्तर म्हणाले 'इकडे लक्ष',
की ते आधी टोपी वर सरकवत,
आणि लक्ष तिच्यातच अडकून राही.

सहा जण कशाला? तर एकट्या राजाची शाळा भरत नाही.
खाली कुणी नसेल
तर पहिला नंबर उभा कशावर राहणार?
म्हणून लश्करातून वेचून आणलं आम्हाला:
दोघं सरदारांचे, एक राजवैद्यांचा, शितोळ्यांची जुळी,
आणि मी, घड्याळजी पागनिसांचा पुरुषोत्तम.
महिना दोन रुपये, दुपारचं जेवण,
आणि कारभाऱ्यांनी वडिलांच्या कानात घातलेली एक अट.

रोज एक तरी चूक करायची.
फार ढोबळ नको, मास्तरांचा अपमान होतो.
फार बारीक नको, दिसली नाही तर उपयोग काय?
हातचा एक विसरावा. वेलांटी उलटी काढावी.
चुकायलाही अभ्यास लागतो.
रात्री कंदिलाशी बसून मी उद्याची चूक पाठ करायचो.
पानावर बसल्यावर वडील विचारत, 'आज काय चुकलास?'
मी सांगे. ते म्हणत, 'छान.'
मग उठून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा
अर्धं मिनिट पुढं सारत,
कारण त्यांना स्वतःला चूक सहन व्हायची नाही.

वैशाखातली ती दुपार.
किल्ल्याचा अख्खा डोंगर तापून लाल,
वाळ्याचे पडदे भिजवावेत तोवर कोरडे.
निफाडकर मास्तर खुर्चीतच पेंगलेले.
बाहेर व्हरांड्यात बद्री भिंतीला टेकून
पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं पंखा ओढत होता,
डोळे मिटून.

सरकारांनी पाटी माझ्यापुढं धरली.
चांदीची चौकट, आत आमच्यासारखाच काळा दगड.
सत्तावीस साते एकशे एकोणऐंशी.
'पुऱ्या, बरोबर आहे?'

दाई त्यांना धोंडू म्हणायची,
आधीचे दोघे जगले नव्हते म्हणून.
आम्हाला ते नाव उच्चारायची बंदी होती.
पण त्या दुपारी विचारणारा आवाज धोंडूचाच होता,
हे मला तेव्हाही कळलं होतं.

'बरोबर आहे, सरकार.'

त्यांनी पाटी शेजारी नेली. मग जुळ्यांकडे.
एकानं मान हलवली, म्हणून दुसऱ्यानंही.
सहा वेळा बरोबर.
मग बोटाला थुंकी लावून त्यांनी सात पुसला,
तिथं आठ केला, शेवटचा नऊ तसाच ठेवला,
आणि पाटी पालथी घालून बाहेर गेले.

'बद्री, सत्तावीस साते किती?'
बद्री दचकून उठला. 'हुजूर, हमें गिनती नहीं आती.'

सरकार त्याच्यासमोर फरशीवर बसले.
त्याच्या अंगठ्याची गाठ सोडवू लागले.
घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली.
बद्री हात जोडून उभा, रडायच्या बेतात,
म्हणत होता, नौकरी जाएगी, हुजूर, नौकरी जाएगी.
त्यांनी दोरी हाताला गुंडाळली आणि ओढायला लागले,
टोपी पार नाकावर आलेली.

वारा आमच्यावर धक्क्याधक्क्यानं येऊ लागला.
घंटा होईपर्यंत येत राहिला.
आम्ही सहाही जणांनी तो घेतला.
कुणी उठलं नाही.

पुढच्या साली त्यांना दूरच्या कॉलेजात धाडलं.
आम्हाला एकेक शेला आणि चार रुपये.
बद्रीचं काय झालं, मी विचारलं नाही.
मी खजिन्यात बत्तीस वर्षं काढली.
हिशेबात पैची चूक नाही, असं निरोपाच्या सभेत सांगितलं गेलं,
टाळ्या झाल्या.

परवा नात सत्तावीसच्या पाढ्यात अडखळली.
सातापाशी थांबून माझ्याकडे बघत राहिली.
मी उत्तर सांगितलं.
दोनदा सांगितलं.
तिनं एकदाच विचारलं होतं.